प्रवेश परीक्षेचा मुहूर्त : सातवी, दहावी की अकरावी?

दिवाळीच्या तोंडावर बाजारपेठेत गिऱ्हाइकांची वर्दळ असते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मान वर करावयासही सवड नसते. अशाच एखाद्या दुपारी क्लासचा तरुण प्रतिनिधी दुकानाची पायरी चढतो. हातात गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक, त्यावर गुणवंतांची छायाचित्रे. शेठजींचा मुलगा सातवीत आहे, ही माहिती त्याने आधीच काढलेली असते. आयआयटी किंवा एम.बी.बी.एस. गाठावयाचे तर पाया आताच घालावा लागेल, असे तो सांगतो. ३१ तारखेपूर्वी पैसे भरल्यास फीमध्ये सूट. चार वर्षांची फी एकरकमी भरल्यास आणखी सूट. डाळीचा नमुना तळहातावर घेऊन, दाताखाली चावून पाहिल्याखेरीज पोत्याचा सौदा न करणारा व्यापारी या वेळी मात्र फारसे न विचारता धनादेश लिहून देतो. शेजारच्या दुकानदाराने मागच्याच आठवड्यात तो लिहिलेला असतो.

यात त्या पित्याला हसण्यासारखे काही नाही. ज्या घरात तीन पिढ्या पेढीवर गेल्या, तेथे विज्ञान शाखेच्या प्रवेशाची वाट कोणालाच ठाऊक नसते. आपण उशीर केला आणि मुलाचे नुकसान झाले, असे उद्या कोणी म्हणू नये, एवढीच त्याची धडपड असते. परंतु तयारीची सुरुवात केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकावरून न घेता परीक्षेच्या रचनेवरून काढावे लागते, आणि ती रचना कोणत्याही व्यापाऱ्याला समजण्याइतकी सरळ आहे.

अभियांत्रिकीसाठी देशपातळीवर जेईई मेन ही परीक्षा होते. तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. जानेवारी व एप्रिल अशी तिची दोन सत्रे असतात. तीतील पहिल्या अडीच लाख विद्यार्थ्यांना जेईई ॲडव्हान्स्डला बसता येते आणि त्यांतून आयआयटीच्या अठरा हजारांच्या आसपास जागा भरतात. वैद्यकीय प्रवेशासाठी नीट आहे : १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांत निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली होती. राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी आहे. तीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या तिन्ही परीक्षांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा अभ्यासक्रम अकरावी व बारावी या दोन इयत्तांचा आहे. जेईई व नीट यांत अकरावीचा वाटा जवळपास निम्मा. सीईटीत अकरावीचे २० टक्के व बारावीचे ८० टक्के. सातवीच्या किंवा आठवीच्या पुस्तकावर या परीक्षांत स्वतंत्र असा एकही गुण ठेवलेला नाही.

मग सातवीपासूनच्या फाउंडेशनमध्ये विकले जाते ते काय? बहुतेक ठिकाणी शाळेचाच गणित-विज्ञानाचा भाग थोडा अगोदर शिकविला जातो, जोडीला नववी-दहावीचे काही धडे व बहुपर्यायी प्रश्नांचा सराव असतो. शिक्षक चांगला असेल तर हे शिक्षण वाईट नसते. प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. समजा, करासह वर्षाला ६० हजार रुपये फी आहे आणि ती सातवी ते दहावी अशी चार वर्षे प्रत्येक वर्षाच्या आरंभी भरली. हीच रक्कम ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवली असती, तर दहावीअखेर सुमारे २ लाख ८५ हजार रुपये झाले असते. फाउंडेशन झाले म्हणून अकरावी-बारावीची फी माफ होते असेही नाही. ती वेगळीच भरावी लागते. शाळा-महाविद्यालयाच्या शुल्काला जुन्या करप्रणालीत जी वजावट मिळते, ती क्लासच्या फीला मिळत नाही. उलट तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. पैशाहून मोठी रक्कम वेळेची आहे. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास, वर्षाचे ४० आठवडे धरले तरी चार वर्षांत ९६० तास होतात. त्यांत जाण्यायेण्याचा वेळ धरलेला नाही.

आणखी एक खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही. बाराव्या वर्षी जे मूल 'जेईईचा विद्यार्थी' ठरते, ते सोळाव्या वर्षी, म्हणजे खरा अभ्यास सुरू होण्याच्या वेळी, चार वर्षांचा शीण घेऊन बसलेले असते. दर पंधरवड्याच्या चाचण्या, दर चाचणीचा क्रमांक, त्या क्रमांकावरून तुकडी वर किंवा खाली. अकरावीत गोडी लागण्याच्या वयात त्या विषयांचा कंटाळा आलेला असतो. अर्थात अपवाद आहेत. काही मुले उपजतच गणितात रमतात. त्यांना कोडी दिली नाहीत तर ती स्वतः शोधून काढतात. अशा मुलाला शिष्यवृत्ती परीक्षा, सहावी व नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, पुढे ऑलिम्पियाडच्या परीक्षा असे खाद्य अवश्य द्यावे. मात्र ही भूक मुलाची असावी लागते. वडिलांच्या भुकेवर मुलाचे पोट भरत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेसविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच नोंदणी करावी, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. अंमलबजावणी राज्यांकडे असल्याने ती सर्वत्र सारखी दिसत नाही. तरीही एकरकमी धनादेश लिहिण्यापूर्वी परतफेडीची अट लेखी मागावी. ती देण्यास जो कचरतो, त्याच्याशी उधारीचा व्यवहार कोणता व्यापारी करील?

सातवी ते दहावी या काळात काहीच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. पाढे, अपूर्णांक, टक्केवारी, बीजगणितातील पदांची मांडणी, आलेख वाचणे आणि पाठ्यपुस्तकातील उतारा स्वतः वाचून समजून घेणे, एवढे पक्के झाले तरी पुढच्या वाटेवरचे निम्मे खड्डे बुजतात. मराठी किंवा गुजराती माध्यमातील मुलांनी नववीपासून विज्ञानाचे इंग्रजी शब्द ओळखीचे करून घ्यावेत. नीट व जेईई मेन मराठीतूनही देता येतात. पण जेईई ॲडव्हान्स्ड केवळ इंग्रजी व हिंदीत असते, आणि सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. टक्केवारी शिकवावयास व्यापाऱ्याच्या घराहून चांगली शाळा नाही. सुटीत तासभर बिलांवरील कर आणि सवलत यांचे हिशेब तोंडी करणारे मूल संख्येला घाबरत नाही.

खरी सुरुवात दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर होते. तीही लगेच नव्हे. पंधरा-वीस दिवस त्या मुलाने मनसोक्त झोपावे, आजोळी जावे. परंतु एप्रिलपासून ऑगस्टपर्यंतचा जो काळ एरवी निकाल, प्रवेशाच्या याद्या आणि दाखल्यांची धावपळ यांत वाहून जातो, तोच सर्वांत मोलाचा असतो. दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये पायरी नाही, कडा आहे. दहावीत ९५ टक्के मिळविणारी मुले अकरावीच्या पहिल्या चाचणीत १०० पैकी ३० गुण घेऊन घरी येतात आणि घर हादरते. त्याचे एक साधे कारण असे की अकरावीच्या भौतिकशास्त्राला आरंभापासूनच सदिश आणि कलनाची तोंडओळख लागते, तर गणिताच्या तासाला हे विषय बऱ्याच उशिरा येतात. एप्रिल-मे-जून या तीन महिन्यांत त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, सदिशांची बेरीज-वजाबाकी आणि रसायनशास्त्रातील मोल ही संकल्पना एवढेच जरी सावकाश करून घेतले, तरी तो कडा चढता येतो.

आता उलट्या बाजूने मोजणी करून पाहू. जेईई मेनचे पहिले सत्र बारावीच्या जानेवारीत. त्यानंतर लगेच प्रात्यक्षिके, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र, त्याच सुमारास व पुढे सीईटी, मे महिन्यात नीट आणि ॲडव्हान्स्ड. जानेवारीपूर्वी उजळणीला किमान अडीच महिने हवेत, म्हणजे नवा अभ्यास बारावीच्या दिवाळीपर्यंत संपावयास हवा. दहावीनंतरच्या एप्रिलपासून मोजले तर हातात दीड वर्षाहून थोडे अधिक राहते. महाविद्यालय सुरू होईपर्यंत थांबले तर चौदा-पंधरा महिने. बारावीच्या जूनमध्ये जागे झाले तर जेमतेम पाच. दोन इयत्तांचा माल पाच महिन्यांत भरावयाचा म्हटल्यावर काय होणार, ते सांगावयास नको.

तरीही घरोघरी सर्वाधिक दुर्लक्ष अकरावीकडेच होते. तिच्या अखेरीस बोर्डाची परीक्षा नसते. 'दहावीत खूप दमला, आता एक वर्ष जरा मोकळा राहू दे,' असे आजी म्हणतात आणि घरातील सर्वांना ते पटते. त्याच वर्षी आतेभावाचे लग्न निघते, काकांच्या नव्या दुकानाचे उद्घाटन होते, मोसमात मनुष्यबळ कमी पडते म्हणून मुलाला संध्याकाळी गल्ल्यावर बसविले जाते. यांतील एकेक गोष्ट लहान आहे. पण अकरावीतील यांत्रिकी कच्चे राहिले की बारावीतील घूर्णन गती समजत नाही, अकरावीचे रासायनिक बंध कच्चे राहिले की बारावीचे सेंद्रिय रसायन पाठ करावे लागते. थकबाकीवर व्याज चढते तसेच हे चढते. ज्या घराला सातवीपासून क्लास लावण्याची घाई होती, त्याच घराने अकरावीचे वर्ष असे सोडून द्यावे, हा विसंगतीचा नमुना पुष्कळ ठिकाणी दिसतो.

दिनक्रमाचा प्रश्नही याच वर्षी उभा राहतो. क्लासची वेळ बहुधा संध्याकाळी पाच ते रात्री नऊ. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते, तेथील मुलाची या वेळेत कुचंबणा होते : चारला पोटभर जेवता येत नाही आणि साडेनऊला जेवता येत नाही. त्यावर काही पालकांनी सकाळची तुकडी शोधली, काहींनी आठवड्याअखेरची. प्रवेश घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. दोन महिने अर्धपोटी राहून मग विचारू नये.

कोटा किंवा लातूर येथे पाठवावे काय, हाही वयाचाच प्रश्न आहे. लातूरने गेल्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयांतील कसून सराव आणि वारंवार चाचण्या यांच्या बळावर 'लातूर पॅटर्न' असे नाव मिळविले; अकरावीपासून तेथे खोली घेऊन राहणारी मुले आजही हजारोंनी आहेत. कोट्याचे अर्थकारणच या मुलांवर उभे आहे. परंतु त्याच कोट्यात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नववीतच अशा गावी एकटे ठेवणे, हा निर्णय कोणत्याही गुणवत्ता यादीसाठी योग्य ठरत नाही. पाठवावयाचेच असेल तर दहावीनंतर, मुलाने स्वतः मागणी केल्यावर, आणि पहिले काही महिने आईने किंवा आजोबांनी सोबत राहण्याची तयारी असेल तरच पाठवावे. परत येण्याचा दरवाजा उघडा आहे, हे जाताना त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. फी वाया जाईल म्हणून तो कळविण्याचे टाळतो, असे होऊ नये.

ज्यांना खरोखरच उशीर झाला आहे, त्यांच्यासाठी सीईटी हा व्यवहार्य मार्ग उरतो. तिच्या गणित गटातील १५० प्रश्नांपैकी ३० च्या आसपास अकरावीचे असतात आणि बाकीचे बारावीचे. बोर्डाचा अभ्यास मन लावून केला तर तो येथे थेट उपयोगी पडतो. शिवाय आयआयटी व एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के गुण किंवा बोर्डातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतेच, तेव्हा महाविद्यालयाकडे पूर्ण पाठ फिरविणे हिताचे नाही. बारावीनंतर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्यातही कमीपणा नाही. जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षे देता येते. मात्र थांबण्याचे वर्ष एकच असावे आणि त्याचा निर्णय निकालाच्या दिवशी रागाच्या किंवा दुःखाच्या भरात होऊ नये.

आता ज्या शाखेकडे आपली बहुसंख्य मुले जातात, तिच्याविषयी. वाणिज्य शाखेला मुहूर्त लागत नाही, अशी व्यापारी घरांत समजूत आहे. ती कालबाह्य झाली आहे. बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. यांच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. आयआयएम इंदूरने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केला. त्याची प्रवेश परीक्षा गणित व इंग्रजी यांवर आधारलेली असते. सनदी लेखापाल होण्यासाठीची फाउंडेशन परीक्षा चार पेपरची, ४०० गुणांची. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. तिसऱ्या पेपरात व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र असते. त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

या सर्व परीक्षांची सुरुवात एका चौकटीत होते, आणि ती चौकट अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी भरावी लागते : गणित घ्यावे की एस.पी.? टक्केवारी वाढते म्हणून बहुतेक मुले गणित सोडतात. दोन वर्षांनी तीच मुले सी.ए. फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात अडकतात आणि इंदूरच्या परीक्षेचा विचारही करू शकत नाहीत. ज्याला सी.ए. व्हावयाचे आहे, त्याने गणित ठेवावे. बारावीचे दोन-चार टक्के कमी झाले तरी चालतील. फाउंडेशनसाठी दहावीनंतर नोंदणी करता येते आणि बारावीची परीक्षा दिल्यावर बसता येते. नोंदणी व परीक्षा यांत किमान चार महिन्यांचा अभ्यासकाळ सोडावा लागतो. म्हणून बारावीनंतरच्या मे-जूनच्या परीक्षेसाठी नोंदणी १ जानेवारीपर्यंत झालेली असावी लागते. बारावीचा निकाल लागल्यावर मगच चौकशीला निघणारा विद्यार्थी बरीच पुढची तारीख घेऊन परततो.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब आणखी चुकतो. मुलासाठी सातवीत धनादेश लिहिणारे घर मुलीला काय व्हावयाचे आहे, हे बारावीच्या मार्चमध्ये विचारते, तेही स्थळे येऊ लागली म्हणून. सी.ए. इंटरमिजिएटपर्यंत पोहोचून लग्नामुळे थांबलेल्या मुली ओळखीच्या प्रत्येक गावात आहेत. अकरावीचा अर्ज भरताना भावाला जो प्रश्न विचारला गेला, तोच त्याच वयात बहिणीलाही विचारला गेला, तर तिच्याही वाट्याला दीड वर्ष येईल.

सातवी-आठवीतच उरकावे असे एक काम मात्र खरोखर आहे, आणि त्यासाठी कोणत्याही क्लासची फी पडत नाही. २०१४ च्या जानेवारीत जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. राज्यातील अल्पसंख्याक महाविद्यालयांत त्या त्या समाजासाठी जागा राखीव असतात. पण प्रवेशाच्या वेळी पुष्कळ मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात दुसरीच नोंद आढळते आणि जुलैच्या पावसात बाप-लेक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितात. मूल शाळेत शिकत असताना जनरल रजिस्टरमधील नोंद मुख्याध्यापकांमार्फत रीतसर दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर ते फार कठीण होते. येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी एकदा शाळेत जाऊन ते रजिस्टर पाहावे. नाव, आडनावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि धर्म, चारही रकाने.